मोदकपात्रातले काळ्या तिळाचे बन

केळफूल (मुलुंड), २० जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने एकाच पदार्थाच्या मागे आहे. आता तो हाताला बसलाय, म्हणून लिहिते. काळ्या तिळाचं गोड सारण भरलेले, वाफेवर शिजवलेले बन. मूळचे चीनचे. तिकडे उत्तरेत गहू पिकतो आणि रोजच्या जेवणात वाफवलेला पाव असतो. आत काही नसेल तर मांतोउ, सारण असेल तर बाओ. भट्टी नको, ओव्हन नको, नुसती वाफ. ज्या घरात मोदकपात्र आहे त्या घरात लागणारं सगळं सामान आधीच आहे.

सुरुवात सासऱ्यांमुळे झाली. त्यांना तिळाची वडी जिवापाड आवडते. गेल्या संक्रांतीला कवळी नीट बसत नव्हती, तरी एक वडी तोंडात धरून अर्धा तास बसले होते. ते बघून मला राहवेना. तीळ दाताखाली न येता पोटात कसे जातील, हे तेव्हापासून डोक्यात होतं. लेक दुसरीत आहे, डब्यातली पोळी अर्धी परत येते. दोघांना चालेल असं काहीतरी मऊ हवं होतं.

सारण आधी सांगते, कारण सगळी चव तिथेच आहे. ८० ग्रॅम काळे तीळ. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन तीळ ओतायचे, हाताने ढवळायचे आणि वर येतील ते गाळणीने काढून घ्यायचे. तळाशी बारीक रेती राहते. काळ्या तिळात ती डोळ्यांना दिसत नाही, दातालाच कळते, म्हणून हे टाळू नका. फडक्यावर रात्रभर वाळवून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. काळा रंग बदलत नाही, मग भाजले गेले कसं कळणार? मी त्यात दहा-बारा पांढरे तीळ टाकते. ते बदामी झाले, कढईत तडतड सुरू झाली आणि एक तीळ चिमटीत चुरला तर भुगा झाला की गॅस बंद. तीळ लगेच ताटात काढायचे, तापल्या कढईत राहिले तर कडू होतात.

पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. पूड रवाळ असतानाच ४० ग्रॅम पंढरपुरी डाळ्याचं पीठ, ७० ग्रॅम किसलेला साधा गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून परत एकदा फिरवते. मग ४५ ग्रॅम पातळ तूप. मळून त्याच्या १२ गोळ्या वळायच्या आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये. गोळी कडक असली की भरताना पारी फाटत नाही. डाळं घातलं नाही तर गूळ वाफेत पातळ होऊन तळातून गळतो. माझे पहिले दोन घाणे असेच गेले, केळीच्या पानावर नुसता काळा पाक.

पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, एक सपाट लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १ मोठा चमचा तेल आणि साधारण १७० मिली दूध. सध्या पावसाने पीठच दमट आहे, १६० मध्ये भागतं. दूध गरम करायची गरज मुंबईत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठापेक्षा सैल. १२ मिनिटं मनापासून मळा. लाटीचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला पाहिजे, कानाच्या पाळीसारखा मऊ.

पीठ लगेच १२ भागांत करून पाऱ्या लाटायच्या, मध्ये जाड, कडेला पातळ. गोळी ठेवून मोदकासारख्या चुण्या घेऊन तोंड बंद. केळीच्या पानाच्या तुकड्याला तेल लावून त्यावर ठेवायचे. (हळदीचं पान वापरून पाहिलं. त्याचा वास तिळावर मात करतो. ते मोदकाकडेच राहू दे.) बन दीडपट होईपर्यंत थांबायचं. गार पाण्याच्या पात्रातच चाळण ठेवून मध्यम आच करायची, वाफ दिसू लागली की १२ मिनिटं. झाकणाला सुती पंचा बांधा, नाहीतर थेंब पडून वर डाग येतात. गॅस बंद केल्यावर ४ मिनिटं झाकण उघडू नका.

फोडला की आतून काळं, ओलसर सारण आणि तिळाचा असा वास येतो की शेजारची काकू दारात येते. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी दोन खाल्ले.

रानजाई (डोंबिवली), २० जुलै, रात्री १०.४८

तोंडाला पाणी सुटलं! वाचनखूण साठवली. एक सांग, माझ्याकडे वजनकाटा नाही. वाटीत किती?

केळफूल, २० जुलै, रात्री ११.०२

रानजाई, मापाच्या कपाने सांगते. तीळ अर्धा कप आणि वर एक मोठा चमचा. मैदा दीड कपाहून थोडा जास्त, कणीक पाऊण कप. पण यीस्टच्या पदार्थांना काटा घेच एखादा. दुधाचं दोन चमचे इकडे-तिकडे झालं की बन बिघडतो.

माई गिरगाव, २१ जुलै, सकाळी ७.३०

केळफूल बाळा, छान लिहिलंस. पण मनात आलं ते सांगते. आमच्याकडे काळे तीळ म्हणजे तर्पणाचे. पितृपक्षात पुडी आणायची, श्राद्ध झालं की उरलेले कुंडीत टाकायचे. संक्रांतीला पांढरेच. सासूबाई काळे तीळ स्वयंपाकघरात ठेवूही देत नसत. घरात लहान मूल आहे, म्हणून विचारते.

केळफूल, २१ जुलै, सकाळी ९.१०

माई, तुम्ही बोललात ते बरं झालं. आमच्याकडेही हेच होतं. मी सासऱ्यांना विचारूनच केले. ते म्हणाले, पितरांना देतो ते आपल्या घरात जे चांगलं असतं तेच देतो ना? मग त्यांच्या नावाचं धान्य आपल्या पोटात गेलं तर बिघडलं कुठे? मला पटलं. तरी ज्यांना नको वाटतं त्यांनी बिनपॉलिशचे पांढरे तीळ घ्यावेत, बन तितकाच चांगला होतो. चव थोडी सौम्य लागते.

खाडीकिनारा (ठाणे), २१ जुलै, सकाळी ११.४०

माईंच्या प्रश्नाला थोडी भर. मी नोकरीमुळे चार वर्षं गुवाहाटीत होतो. तिथे माघ बिहूला, म्हणजे नेमकं आपल्या संक्रांतीच्या सुमारास, तिल पिठा करतात. तांदळाच्या पिठाच्या पातळ सुरळीत काळे तीळ आणि गूळ. घरोघरी, सणाला, लहान मुलांच्या हातात. तमिळ घरांत काळ्या तिळाची पूड भाताबरोबर असते, माटुंग्याच्या तमिळ दुकानांत ती आणि चांगले काळे तीळ दोन्ही मिळतात. मी तिथूनच घेतो, त्यांच्याकडे माल लवकर खपत असल्यामुळे तीळ खवट लागत नाहीत.

आणि आपल्या भाषेतलं ‘तेल’ संस्कृतातल्या ‘तैल’वरून आलं आहे. तैल म्हणजे तिळाचं ते. हडप्पाच्या उत्खननात जळलेले तीळ सापडले आहेत. इतका जुना सोबती आहे हा आपल्या घरातला. वर्षातून पंधरा दिवस पुडीत आणि नंतर कुंडीत, हे मला तरी बघवत नाही.

माई गिरगाव, २१ जुलै, दुपारी १२.०५

सासऱ्यांचं बोलणं आवडलं ग. त्यांना माझा नमस्कार सांग. मी आधी पांढऱ्याचे करून बघते.

शिवडी नाका, २२ जुलै, रात्री ९.२०

काल केले. सारण अप्रतिम, घरातले चमच्याने खात होते. पण बन फसले. पात्रात छान टम्म दिसत होते, झाकण उघडलं आणि डोळ्यांदेखत खाली बसले, वर सुरकुत्या. आतून गिच्च. दीड तास फुगवले होते, कमी पडलं का? अजून अर्धा तास ठेवायला हवे होते का?

पहाटेची पाळी (भायखळा), २२ जुलै, रात्री १०.३५

शिवडी नाका, उलट आहे. दीड तास फार झाला.

माझे वडील भायखळ्यातल्या एका बेकरीत तीस वर्षं पीठ मळायचे. मीही शाळेत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचो, त्यामुळे यीस्टचं थोडं कळतं. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, तो वायू पिठातल्या चिकट जाळीत अडकतो. मैद्यात ही जाळी चांगली बनते. कणकेतला कोंडा तिला बारीक बारीक चिरे पाडतो. जाळी ताणली जाते तोवर ठीक. मर्यादेबाहेर ताणली की वाफेत एकदम मोठी होते आणि गार हवा लागली की स्वतःचं वजन पेलत नाही, बसते. पावाला भट्टीत कडक कवच येतं, ते त्याला उभं धरतं. वाफेच्या बनला कवच नाही. म्हणून पावासारखा दुप्पट फुगवायचाच नाही. दीडपटीला थांबायचं, केळफूल यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर.

मुंबईत जुलैत स्वयंपाकघर ३० अंशांच्या आसपास असतं. या हवेत २५ ते ३० मिनिटं पुरतात. मे महिन्यात २० सुद्धा. घड्याळापेक्षा खात्रीचा उपाय सांगतो, चिनी घरांतही हाच करतात. पाऱ्या करताना सुपारीएवढं पीठ बाजूला काढा आणि पाण्याच्या पेल्यात सोडा. आधी बुडतं. ते तरंगून वर आलं की बाकीचे बन तयार आहेत, लगेच गॅस पेटवा. वरून बोट हलकेच दाबलं तर खळगा सावकाश भरून यायला हवा. टुणकन वर आला तर थांबा, खळगा तसाच राहिला तर उशीर झाला.

अजून तीन गोष्टी. आच मोठी नको, भडक वाफेत बन वेडावाकडा फुगतो आणि फाटतो. दुसरं, चुण्या घेताना पारीच्या कडेला तूप लागू देऊ नका, तूप लागलेली कड चिकटत नाही आणि वाफेत तोंड उघडतं. सारणाला लागलेला हात पुसून मग कड धरा. तिसरं, कणीक जास्त हवी असेल तर ती आधी एकटी दुधात भिजवून २० मिनिटं झाकून ठेवा. कोंडा मऊ पडतो, जाळी कमी चिरली जाते. निम्मी कणीक अशी चालते. त्यापुढे बन दडस होतो, चव चांगली लागते पण लुसलुशीत राहत नाही.

यीस्ट जिवंत आहे ना तेही बघा. पाकीट फोडून फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेलं असेल तर कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर टाकून द्या, पीठ वाया घालवू नका.

शिवडी नाका, २२ जुलै, रात्री १०.५०

खूप आभार. पेल्यातली सुपारी लक्षात ठेवतो. झाकणही मी लगेच उघडलं होतं.

अबोली ७, २३ जुलै, दुपारी २.१५

काळ्या तिळात दुधाच्या दसपट कॅल्शियम असतं ना? मग मुलांचं दूध बंद करून हे दिलं तर चालेल? आणि केस काळे राहतात असंही वाचलंय.

आहारवही (विलेपार्ले), २३ जुलै, सायंकाळी ६.४०

अबोली, कृपा करून दूध बंद करू नका. मी आहारशास्त्र शिकले आहे, रोज हेच आकडे बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अख्ख्या, साल असलेल्या वाळलेल्या तिळात १०० ग्रॅमला साधारण ९७५ मिलिग्रॅम कॅल्शियम धरतात. दुधात १०० मिलीला साधारण १२०. आकडा आठपट दिसतो. पण १०० ग्रॅम तीळ कोण खातं? केळफूल यांच्या मापात एका बनला साडेसहा ग्रॅम तीळ येतात, म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. पिठातलं दूध धरून ८०. मोठ्या माणसाची रोजची गरज १,००० मिलिग्रॅम सांगितली आहे. शिवाय तिळाचं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं आणि सालीतच ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यामुळे शरीराला दुधातल्याइतकं सहज मिळत नाही. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर कॅल्शियम फारच कमी उरतं, म्हणून माईंनी पांढरे घेतले तरी बिनपॉलिशचेच घ्यावेत.

तरीही मला हा बन मनापासून आवडला, आणि त्याचं कारण डाळं. गव्हात आणि तिळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, हरभऱ्यात ते भरपूर. उलट हरभऱ्यात मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते तीळ भरून काढतात. केळफूल यांनी गूळ गळू नये म्हणून डाळं घातलं, पण त्याने प्रथिनांचा दर्जाही सुधारला. एका बनला साधारण ५ ग्रॅम प्रथिनं, १ मिलिग्रॅम तिळातलं लोह आणि सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी. शाळेच्या मधल्या सुट्टीला एक बन आणि सोबत पेरूच्या चार फोडी, हा माझ्या मते उत्तम डबा. पेरूतल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जायला मदत होते.

अख्खे तीळ मुलांच्या पोटातून बरेचदा तसेच बाहेर पडतात. दळले की आतलं सगळं मोकळं होतं. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठीही म्हणूनच हे चांगलं.

केसांचं म्हणाल तर तीळ खाऊन पांढरे केस काळे होतात, असा भरवशाचा पुरावा नाही. चव आणि पोषण एवढं पुरेसं आहे.

गूळ घातला म्हणून मधुमेहींनी निर्धास्त होऊ नये. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर जवळपास सारखेच.

सोनटक्का (बोरिवली), २३ जुलै, रात्री ८.०५

एक काळजीची सूचना. तिळाची ॲलर्जी असते आणि ती जोरदार असू शकते. माझ्या भाच्याला लाडू खाऊन ओठ सुजले, श्वास लागला, रात्री रुग्णालयात धावावं लागलं. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटांवर तीळ असल्याचं स्पष्ट लिहिणं सक्तीचं आहे. शाळेत वाटायला नेणार असाल तर आधी बाईंना सांगा. लहान बाळाला पहिल्यांदा देताना अगदी थोडं द्या आणि लक्ष ठेवा.

रानजाई, २४ जुलै, सकाळी १०.२०

काल तीळ आणले, भाजले, वाटले आणि चव घेतली तर कारळ्याच्या चटणीचा वास! दुकानदाराने काळे तीळ म्हणून कारळे दिले. आता काय करू, आणि पुढच्या वेळी ओळखू कसे?

केळफूल, २४ जुलै, सकाळी १०.४५

अगं, वाटलेल्याची चटणीच कर. लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं सुकं खोबरं. भाकरीबरोबर फस्त होईल, काही वाया जात नाही.

ओळखायचं असं. तळहातावर घे. तीळ चपटा असतो, थेंबासारखा, एका टोकाला निमुळता, आणि काळा असला तरी चमक कमी. कारळा लांबट, सडपातळ, चकचकीत. कांद्याचं बी म्हणून मिळतं ती कलौंजी टोकदार, कोनाकोनाची आणि खरखरीत. ती चुकून आली तर वासावरूनच कळते.

रंगवलेलेही तीळ असतात म्हणे, म्हणून मी नखाने एक-दोन फोडून बघते. साल काळी आणि आतला दाणा पांढरा असायला हवा. आतपर्यंत काळा उतरला असेल तर परत करायचे. पाण्याला थोडा जांभळट-तपकिरी रंग येतो तो मात्र खऱ्या तिळाचाही येतो, त्यावरून घाबरू नकोस. शाईसारखं काळंभोर पाणी झालं तर शंका घ्यायची.

दगडी जिना (माझगाव), २५ जुलै, रात्री ११.३०

हा धागा वाचून झोप लागेना, म्हणून लिहितोय.

माझं लहानपण माझगावात गेलं. तिथे नवाब टँक रोडला चिनी लोकांचं छोटं मंदिर आहे, सी यूप, १९१९ सालचं. एका जुन्या घराचा वरचा मजला, लाल रंग, उदबत्त्यांचा दाट वास. चिनी वस्ती तेव्हाही विरळ होत चालली होती. आमच्या जिन्यावर एक चिनी आजी राहायच्या. मराठी मोडकं, पण भाजीवालीशी घासाघीस मराठीतच. त्यांच्या नववर्षाला त्या आईला ताटलीभर वाफवलेले बन द्यायच्या. आई संक्रांतीला तिळगूळ द्यायची. दोन्ही सण दोन-चार आठवड्यांच्या अंतराने येतात, त्यामुळे ती ताटली रिकामी कधी परत गेली नाही. त्या बनवर मधोमध लाल ठिपका असायचा. गोड असेल त्यावर ठिपका, खारा असेल त्यावर नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. आत काळं काय आहे हे मी कधी विचारलं नाही. आज केळफूल यांचं ‘आतून काळं, ओलसर’ वाचलं आणि चाळीस वर्षांनी कळलं की ते तीळ होते.

त्या सारणात डुकराची चरबी घालत, असं नंतर वाचलं. पण आजी आमच्या घरासाठी वेगळे करायच्या, ‘तुमचे लोणीवाले’ म्हणायच्या. आईला ते तेव्हाच माहीत होतं. मला आज उमगतंय.

केळफूल, २६ जुलै, सकाळी ८.००

दगडी जिना, दोनदा वाचलं. सासऱ्यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. आज बीटाच्या रसात काडी बुडवून प्रत्येक बनवर लाल ठिपका ठेवला. लेकीने ठेवले सगळे.

गंधाली सातारकर, २६ जुलै, दुपारी ४.१०

मी परळला राहते, माहेर साताऱ्याचं. मला तर हे बघून नागपंचमीचे दिंड आठवले. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, म्हणून कणकेच्या पारीत पुरण घालून चौकोनी घडी करून वाफवतात. गव्हाची पारी, गोड सारण, वाफ, वरून तूप. फरक इतकाच की दिंडात यीस्ट नाही. यंदा नागपंचमीला निम्मे दिंड पुरणाचे आणि निम्मे तिळाच्या सारणाचे करणार आहे, साध्या कणकेत. बघू सासूबाई काय म्हणतात.

पहाटेची पाळी, २६ जुलै, सायंकाळी ७.२५

गंधालीताई, साध्या कणकेत करणार असाल तर सारणाची गोळी गोठवू नका. पारी पातळ असते, ती शिजली तरी आतली गोळी गारच राहील. आणि पारी जरा जास्त तेल घालून सैल मळा.

शिवडी नाका, २७ जुलै, दुपारी १.००

आज दुसऱ्यांदा केले. सुपारी २६ मिनिटांत तरंगली. बारापैकी अकरा बन गुळगुळीत, एकावर थेंब पडला होता. आमच्याकडे गोड कमी खातात, म्हणून सहा बनमध्ये तिखट सारण भरलं: काळे तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ, थोडं तेल. सोबत ताक. वडील म्हणाले रविवारी परत कर. उरलेले ठेवायचे कसे? सकाळचे फ्रीजमध्ये ठेवलेले दोन दगडासारखे झाले.

केळफूल, २७ जुलै, दुपारी ३.४०

वा, अकरा म्हणजे उत्तमच! फ्रीजमध्ये नुसते ठेवलेले बन कडक होतातच, पण टाकू नको, पाच मिनिटं वाफवले की परत मऊ होतात. जास्त दिवसांसाठी पूर्ण गार झाल्यावर एकेक सुटा डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेव. काढल्यावर वितळू न देता थेट चाळणीत, वाफ आल्यापासून ८ मिनिटं. मायक्रोवेव्ह करायचा तर ओल्या फडक्यात गुंडाळून अर्धा मिनिटच, नाहीतर चामट होतात. बाहेर ठेवायचे तर या दमट हवेत त्याच दिवशी संपव.

माई गिरगाव, २८ जुलै, सकाळी ६.५०

पांढऱ्याचे झाले, छान झाले. मग काल संध्याकाळी उरलेल्या पिठात काळ्याचे चार केले. तीळ आधी देवासमोर ठेवले, मग कढईत घातले. माझी सुपारी २२ मिनिटांत वर आली, पेला ओट्यावर गॅसच्या जवळ होता म्हणून असेल. ह्यांनी दोन खाल्ले, दोन खालच्या मजल्यावर दिले. खालच्या मुलीला मोदकपात्र हवंय, शनिवारी तिच्याबरोबर भुलेश्वरला जाऊन येते.